खालच्या रांगेतली चिठ्ठी

मे महिना लागला की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर वस्तूंचा बाजार भरतो. कोणाचा कूलर, कोणाचं कपाट, कोणाच्या मुलीची तीन महिने वापरून अडगळीत पडलेली सायकल. यंदा तर एका गृहस्थांनी आपल्या सोफ्याचा फोटो सकाळ-दुपार-संध्याकाळ औषधाच्या डोसासारखा टाकायला सुरुवात केली, तेव्हा ॲडमिन वैतागला. त्याने फर्मान काढलं: तीच जाहिरात आठवडाभराच्या आत पुन्हा टाकू नये, एकच वस्तू दोन नावांनी टाकू नये, वस्तू विकली गेली की ज्याने टाकली त्यानेच तसं कळवावं. मी ते वाचलं आणि एकटीच हसत बसले. पोरगं जेमतेम तिशीचं असेल. त्याला कुठून माहीत असणार की हे सगळे नियम भुसावळच्या नानांनी केव्हाच करून ठेवले होते!

हसता हसता माझं बोट थोडं वर सरकलं आणि हसू थांबलं. सोफ्याच्या वर आमचाही एक फोटो आहे. सागवानी झोपाळा, पितळी कड्या, उत्तम स्थितीत. मुलाने पुण्याहून टाकलाय. आमचे हे जाऊन दोन वर्षं होतील आता. मी जळगावचं घर आवरून त्याच्याकडे राहायला जावं, असं त्याचं म्हणणं आहे. म्हणणं प्रेमाचंच आहे. पण त्याच्या फ्लॅटच्या छताला कडी बसत नाही, आणि म्हणून दर रविवारी, नियमाप्रमाणे, आमचा झोपाळा ग्रुपवर वर येतो.

भुसावळला आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा उन्हाळा हा बदल्यांचा मोसम होता. परीक्षा संपल्या की शाळा उघडेपर्यंतच्या त्या दिवसांत कॉलनी अर्धी उठायची आणि अर्धी नव्याने बसायची. कोणी निवृत्त होऊन गावी जायचं, कोणाची बदली व्हायची. ऊन असं की दुपारी नळाच्या पाण्याने हात पोळायचे. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर तांब्याने मारलेलं पाणी आणि त्या वासात पेंगणारी घरं. अंगणात खाटा टाकून त्यांवर धोतरं अंथरलेली, धोतरांवर बिबडे, आमचे खानदेशी ज्वारीचे पापड, वाळत पडलेले. आणि ज्यांना जायचं असे त्यांच्या ओसरीवर केळीच्या वाळक्या पानांचा ढीग. रावेर-सावद्याकडून कोणीतरी पोतं भरून पानं आणून द्यायचं. काचेच्या बरण्या, कपबश्या, देवांच्या तसबिरी, सगळं त्या पानांत गुंडाळून खोक्यांत बसायचं. मी स्वतः फैजपूरची, केळीच्या बागेत वाढलेली. तरीसुद्धा त्या कोरड्या पानांची कुरकुर आजही कानावर आली की मला माहेर आठवत नाही, कोणीतरी निघालंय असंच वाटतं.

जे नेता येत नसे ते विकायचं. त्यासाठी कॉलनीच्या वाचनालयात एक फळा होता. हिरवं कापड लावलेला, टाचण्या टोचून टोचून चाळण झालेला. वाचनालय नाना सांभाळायचे. पार्सल ऑफिसातलं दिवसाचं काम संपवून ते संध्याकाळी इथे येत आणि इथेच खरे साहेब होत. फळ्याची गंमत अशी की त्याच्या समोर पेपर वाचणाऱ्यांचं लांब बाक होतं, पाठीचं. त्या पाठीमुळे फळ्याची खालची रांग पार झाकली जायची. वरच्या रांगेतली चिठ्ठी येणारा-जाणारा वाचणार, मधल्या रांगेतली चिठ्ठी गरजू वाचणार, आणि खालच्या रांगेतली फक्त झाडूवाल्या बाईंना दिसणार. म्हणून जो तो आपली चिठ्ठी वर लावायला धडपडायचा. रोज नव्या चिठ्ठ्या यायच्या, जुन्या खाली ढकलल्या जायच्या, आणि त्यांचे मालक पान खायला निघाल्यासारखं दाखवत येऊन त्या पुन्हा वर टाचून जायचे.

एका वर्षी दोन कूलरवाल्यांत जुंपली. एकाने दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आपली चिठ्ठी लावली, दुसऱ्याने त्याच्यावर आपली. चार-सहा दिवसांत कागदाची अशी थप्पी झाली की टाचणी आरपार जाईना. दोघांचेही कूलर पहिला पाऊस पडेपर्यंत तसेच राहिले. नानांनी त्यानंतर नियम केले आणि सुंदर अक्षरात लिहून काचेत लावले. चिठ्ठी तळहाताएवढीच असावी. वर हलवायची ती शनिवारी संध्याकाळीच. ज्याची वस्तू त्यानेच, आपल्या हाताने. दुसऱ्याची चिठ्ठी झाकू नये. आणि वस्तू गेली की चिठ्ठी स्वतः येऊन काढावी, नानांना सांगून काढवू नये. या शेवटच्या नियमावर नाना फार अडून असायचे. कोणी वाटेवरूनच ओरडलं, "नाना, टेबल गेलं हो, काढून टाका!" की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "लावायला आला होतात ना? मग काढायलाही या."

शनिवारी संध्याकाळी मग वाचनालयात जत्रा. एरवी पेपराच्या वाटेला न जाणारी माणसं धुतलेले शर्ट घालून टाचण्या घेऊन हजर. मला त्या चिठ्ठ्या वाचायला फार आवडायच्या. 'टेबलफॅन, आवाज करतो पण वारा देतो.' 'पाळणा, दोन मुलं वाढली, अजून भक्कम.' 'पोपटाचा पिंजरा, पोपट उडाल्यामुळे.' एकेका घराचं आतलं सगळं त्या हिरव्या कापडावर उघडं पडलेलं. आधी मोठ्या वस्तूंच्या चिठ्ठ्या लागत, मग बारीकसारीक, आणि शेवटी तुळशीच्या कुंडीची चिठ्ठी लागली की समजायचं, ही माणसं आता चार दिवसांची. माझ्या कितीतरी मैत्रिणी अशा कुंडीपाशी संपल्या.

आमच्या शेजारी आबा आणि अक्का राहायचे. आबा मालगाडीचे गार्ड. आमचे हेही गार्डच, पण नवे. आबांची बरीच वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली होती. दोघं धुळे जिल्ह्यातले, तापीकाठचे, आणि घरात अहिराणी बोलायचे. मी लेवा पाटलांची, माझी बोली वेगळी. अक्का माझ्या बोलण्याला हसायची, मी तिच्या, आणि या हसण्याहसण्यातच आमचं जमलं. त्यांच्या ओसरीत तो झोपाळा होता. अक्काच्या लग्नात तिच्या वडिलांनी तळोद्याकडचं सागवान आणून करवून घेतलेला. वापरून वापरून फळी तुळतुळीत झालेली. त्याच्या एका कडीचा बारीक आवाज यायचा, आणि तेल घातलेलं अक्काला चालायचं नाही.

गार्डाच्या घरात घड्याळ नावापुरतं असतं. कॉलमन येऊन ड्युटीची हाक देणार, की माणूस डबा, झेंड्या, दिवा घेऊन निघणार. परत कधी येणार ते इंजिनालाही ठाऊक नसतं. नवी नवरी होते तेव्हा मी या वाट पाहण्याने कावून जायचे. आमटी पुन्हा पुन्हा गरम करायचे, दारात यायचे, आत जायचे. एकदा अक्काने मला हात धरून झोपाळ्यावर बसवलं. म्हणाली, "उभी राहीसन कितली वाट दखशी व? वाट दखाले बी बसाले जागा लागस." त्या दिवसापासून आम्ही दोघी तिथे बसून तांदूळ निवडायचो, कैऱ्या चिरायचो, आणि दोन नवऱ्यांची वाट एकाच झोपाळ्यावरून पाहायचो. गुलमोहराच्या वळणावर आधी टोपी दिसायची. ती कोणाची हे अक्का चालीवरून ओळखायची, आणि माझा नवरा असला तर मला कोपराने ढोसायची.

मग आबांची निवृत्ती आली. ते निवृत्तीआधीच्या रजेवर होते, दिवसभर घरी. मुलगा नाशिकला नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी क्वार्टर सोडायचं होतं. खाटा गेल्या, कपाट गेलं, अक्काने हूं की चूं केलं नाही. पण एका शनिवारी आबांनी जांभळ्या पेन्सिलीने 'सागवानी झोपाळा विकणे' अशी चिठ्ठी लिहिली आणि वरच्या रांगेत नेऊन लावली. त्या संध्याकाळी अक्का झोपाळ्यावर बसून होती. तांदूळ नव्हते, कैऱ्या नव्हत्या. आबा तिची समजूत घालत होते, "आते मी घरमाच शे. आते कोनी वाट दखशी तू?" अक्का पायाने जमीन रेटत राहिली, आणि कडी वाजत राहिली.

सोमवारची दुपार वाचनालयात बायकांची असायची. अक्काला अक्षरं लावून लावून वाचता येई, एवढंच. तरी त्या सोमवारी ती माझ्याबरोबर आली. मी मासिक चाळत होते. बघते तर अक्का फळ्यापाशी. तिने जांभळी अक्षरं बरोबर हुडकली, टाचणी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि चिठ्ठी खालच्या रांगेत, बाकाच्या पाठीमागे टाचून दिली. मग येऊन माझ्या शेजारी बसली आणि उलटं धरलेलं मासिक वाचू लागली. मला हसू आवरेना. तिने माझा हात एवढा घट्ट दाबला की माझं हसू जागच्या जागी जिरलं.

पुढचा शनिवार, चिठ्ठी वर. सोमवार, चिठ्ठी खाली. कोणी गिऱ्हाईक फिरकेना. आबा घरी येऊन चिडचिड करायचे, "शनवारले मी वर लावस, नि सोमवारले ती खाले! वाचनालयमा भुतं शेतस का?" अक्का भाकरी थापत थापत म्हणायची, "व्हतीन."

शेवटी आबांनी नानांकडे रीतसर तक्रार केली. नियम मोडला जातोय म्हटल्यावर नाना पेटले. सोमवारी सुट्टी काढून, पुस्तकांच्या कपाटाआड खुर्ची टाकून बसले. आणि अक्का टाचणी काढत असतानाच खाकरले.  त्यांनी आधी कोणाला तरी पाठवून आबांना बोलावून घेतलं. आबा आले, बायकोच्या हातातली चिठ्ठी बघून दारातच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला आज पहिल्यांदा बघत असल्यासारखे ते बघत होते.

"अक्का," नाना म्हणाले, "नियम ठाऊक आहेत ना तुम्हाला?"

अक्का डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "वर लावाना नियम शे. खाले लावाना कोठे शे?"

नानांनी वळून काचेतल्या आपल्या सुंदर अक्षराकडे पाहिलं. खरंच नव्हता. चिठ्ठी खाली नेण्यासाठी कोणी धडपडेल, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मग अक्काचा आवाज चिरकला. "झोका मन्हा शे. मन्हा बापनी दिन्हा, यासनी नही. बठ्ठं सामान गयं, मी काई बोलनू का? पन माले इचारं का कोनी?"

 नानांनी आबांना विचारलं, "झोपाळा कोणाचा?" आबांनी खाली बघत बघत टोपी काढली, पुन्हा घातली. "तिनाच शे," ते म्हणाले.

"मग ही चिठ्ठी नियमात बसत नाही. ज्याची वस्तू त्यानेच लावायची." नानांनी अक्काकडे मान वळवली. "चिठ्ठी तुमच्याच हातात आहे, तुमच्याकडेच राहू द्या. लावा, नका लावू. वर लावा, खाली लावा. मी काही बोलणार नाही." अक्काने चिठ्ठीची घडी केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. घरी जाताना ती पुढे, आबा मागे. आबा नेहमी पुढे चालायचे.

त्यानंतर झोपाळ्याचं नाव त्या घरात कोणी काढलं नाही. केळीच्या पानांचा ढीग त्यांच्याही ओसरीवर आला. मी जाऊन बरण्या गुंडाळायचे आणि मनात एकच विचार, आता काय करणार ही? नाशिकला कडी नाही, आणि इथे घर नाही. तुळशीची कुंडी गेली त्या दिवशी अक्का आमच्याकडे आली, आमच्या ओसरीचं छत निरखून बघितलं आणि आबांना हाक मारली. आबा आणि आमचे हे, दोघांनी घाम गाळून कड्या ठोकल्या. झोपाळा अंगण ओलांडून आमच्याकडे आला. मी पैशांचं काही बोलायला तोंड उघडलं तर अक्काने माझ्या तोंडावर हात ठेवला. "देवानं व्हयी तं दे कोनले. इकू नको," एवढंच म्हणाली. द्यायचा झाला तर कोणालाही दे, पण विकायचा नाही. मग गाठ सोडून ती चिठ्ठी काढली, बारीक बारीक फाडली आणि बिबड्यांवरचे कावळे हाकलावेत तशी हात झटकून उधळून दिली.

तिला गाडीत बसवून आम्ही परत आलो. ह्यांना लगेच ड्युटीचा कॉल आला. मी पहिल्यांदाच त्या झोपाळ्यावर एकटी बसले. उजव्या बाजूला अक्काची जागा तशीच सोडून बसले होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. फार रडले मी तेव्हा.

अक्का पुन्हा भुसावळला आली नाही. आबा आले, काही वर्षांनी, पेन्शनच्या कसल्याशा कामाला, एकटेच. अक्का गेल्याचं त्यांनी चपला काढता काढता सांगितलं. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर आबा झोपाळ्यावर बसलेले, पाय जमिनीला टेकवून, अवघडून, पाहुण्यासारखे. म्हणाले, "मी कधी बसनूच नही व आठे. ड्युटीवरथीन येवानं, अंग धोवानं, जेवानं, झोपानं." मग बराच वेळ गुलमोहराच्या वळणाकडे बघत राहिले आणि हळूच विचारलं, "आठे बशीसन ती काय दखे?"

काय सांगणार होते मी? तुम्हालाच बघायची, आबा. तुमची टोपी दिसली की तिचा चेहरा कसा व्हायचा ते बघायला तुम्ही इकडच्या बाजूला कधी नव्हतातच. मी कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पायाने एकदा जमीन रेटली. कडी वाजली. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि चहा निवून गेला.

आम्हीही पुढे निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं. ओसरीचा स्लॅब पडायच्या आधी मी मिस्त्रीकडून कड्या टाकवून घेतल्या. हे निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसायचे. आबांची गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली होती. आता गुलमोहर नाही, वळण नाही. समोरच्या गल्लीतून शिकवणीची पोरं जातात. पण वारा तिकडून असला की संध्याकाळी मालगाडीची शिट्टी ऐकू येते, आणि आपोआप माझी नजर फाटकाकडे जाते. कोणी येणार नाही, हे मला समजतं. माझ्या कानांना अजून समजलेलं नाही.

तर हल्ली सोमवार उजाडला की मी ग्रुपवर फार बोलते. अंगणातल्या शेवग्याला शेंगा लागल्यात, कोणाला हव्यात का? बिबड्यांसाठी ज्वारी किती दिवस भिजवायची, नव्या सुनांनी विचारा, सांगते. कडीपत्त्याची रोपं न्या. पाणी आज किती वाजता येणार? एकेका निरोपासरशी धडाधड उत्तरं येतात आणि मुलाने टाकलेला फोटो खाली, खाली, बोट दुखेपर्यंत सरकवलं तरी सापडू नये इतका मागे जातो. आमच्या काळी बाकाची पाठ होती. इथे शेवग्याच्या शेंगा आहेत. ॲडमिनच्या फर्मानात खाली ढकलण्याविषयी एक अक्षर नाही, मी नीट वाचून घेतलंय.

काल शनिवारी मुलाचा फोन आला. हसत म्हणाला, "आई, ग्रुपवर तुझं बरंच चाललंय." मग गंभीर होत म्हणाला, "आठवडा झाला. उद्या झोपाळ्याचं परत टाकतो."

"नको टाकूस," मी म्हटलं. "तो गेला."

"गेला? मला बोलली नाहीस! कोणी घेतला?"

मी पायाने जमीन रेटली. कडी वाजली. ती त्यालाही तिकडे ऐकू गेली असणार.

"मी," मी म्हटलं.